आबा काय म्हणाले

सकाळी सहाला मी खोलीचं दार उघडून बाहेर आलो, तर माझे वडील, आबा, आधीच कुंपणापाशी जाऊन उभे होते. अंगात माझं जुनं जॅकेट, डोक्याला मफलर आणि पायात माझ्या बायकोने, मृदुलाने, आणलेले नवेकोरे बूट. कुंपणापलीकडे वीस-पंचवीस घोडे वाळल्या गवतावर तुटून पडले होते. थंडीने त्यांच्या नाकातून वाफा निघत होत्या. आबा मात्र त्यातल्या एकाच घोडीकडे बघत होते.

"रघू, ती बग," माझ्याकडे न वळता ते म्हणाले. "ती मातकट रंगाची. खात नाय."

"पोट भरलं असेल."

"घोड्याचं पोट सकाळी भरत नाय. आन तिच्या पायाशी लीद पन नाय. बाकीच्यांच्या बग. मघापासून दोनदा मान वळवून कुशीकडं बघितलंन तिनं."

"आबा, नाश्ता साडेसातला आहे," मी म्हणालो. "थंडीत उभे राहू नका."

ते हलले नाहीत. मी परत आत गेलो.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सासऱ्यांना त्या सप्टेंबरात सत्तर वर्षं पूर्ण झाली, म्हणून मी ही सहल आखली होती. डेन्व्हरहून निघायचं, वायोमिंग करून मोंटानापर्यंत जायचं, सात दिवस, आणि मुक्काम सगळे डोंगरातल्या नामांकित लॉजमध्ये नाहीतर घोड्यागुरांच्या रँचवर. मोठी सात आसनी गाडी भाड्याने घेतली होती. तिच्या सीटा आतून गरम व्हायच्या. जिथे जाऊ तिथे खोलीतली शेकोटी आधीच पेटवलेली असायची, उशीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी असायची, आणि गद्रे मंडळी शाकाहारी आहेत हे आम्ही पोचण्याआधीच मुदपाकखान्याला ठाऊक असायचं. सासरे, प्रभाकर गद्रे, पुण्याच्या एका कॉलेजातून प्राचार्य म्हणून निवृत्त झालेले. मोकळा, बोलका माणूस. प्रत्येक ठिकाणी ते हात मागे बांधून खोलीभर फिरायचे आणि म्हणायचे, "रघुनाथराव, हे म्हणजे अतीच केलंत हं!" मला ते ऐकायला फार आवडायचं.

आबांना बरोबर घ्यायचं मृदुलाने ठरवलं. "माझे आईवडील येणार आणि तुझे आबा नेरळला ताईंकडे बसून राहणार, असं मी होऊ देणार नाही," ती म्हणाली. मी हो म्हणालो. पण मनातून मला ते नको होतं. कारण आबा माथेरानचे घोडेवाले होते.

बेचाळीस वर्षं त्यांनी दस्तुरी नाक्यावर घोडा घेऊन उभं राहून गिऱ्हाइकं केली. लाल मातीत, उन्हापावसात, पर्यटकांच्या पोरांना घोड्यावर बसवून लगाम धरून पुढे चालत. "फुल राउंड, सर? ऑल पॉइंट्स, मॅडम?" एवढ्या इंग्रजीवर सुरुवात करून ते चांगलं कामापुरतं इंग्रजी शिकले होते. त्यांच्याकडे चारच घोडे होते, पण माथेरानात कुणाचंही जनावर आजारी पडलं की आधी धोंडू आखाड्यांना हाक जायची, मग खाली डॉक्टरला फोन. मी त्याच घोड्यांच्या जिवावर शिकलो, मुंबईला गेलो, अमेरिकेत आलो. आणि लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी गद्र्यांच्या दिवाणखान्यात "वडील काय करतात?" असा प्रश्न आला, तेव्हा मी म्हणालो, "माथेरानला हॉटेल आहे."

मृदुलाला खरं माहीत होतं. ती लग्नाआधी एकदा आबांना भेटून, त्यांच्या घोड्यावर बसूनही आली होती. "बाबांना तू सांग, तुझ्या सोयीने," ती म्हणाली होती. आठ वर्षांत ती सोय झाली नव्हती.

सहलीला निघायच्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये सामान भरताना मी आबांना म्हणालो, "त्यांच्यासमोर घोड्यांचं काही काढू नका."

"बरं," आबा म्हणाले. बॅग उचलून दिली. जरा वेळाने विचारलं, "मग काय सांगू?"

"हॉटेल होतं म्हणा. आता बंद केलंय म्हणा."

"बरं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादा निरोप नीट पाठ करून घ्यावा तसं त्यांनी ते घेतलं. दुसऱ्या दिवशी गाडीत मागून गद्र्यांनी विचारलंच, "धोंडोपंत, तुमच्या हॉटेलात खोल्या किती होत्या हो?"

आरशात मला आबांचा चेहरा दिसत होता. त्यांनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं.

"बारा," ते म्हणाले.

"अरे वा. मग माणसं बरीच लागत असतील."

"घरचीच होती सगळी."

शेजारी बसलेल्या मृदुलाने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

रँच हा आमचा चौथा मुक्काम. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून नदी, आणि नजर पोचेल तिथपर्यंत पिवळं गवत. पहिले तीन दिवस आबा पाहुण्यासारखे वागले होते. पांढऱ्या टॉवेलांना हात लावायचा नाही, गादीच्या कडेला झोपायचं, काही विचारलं की "छान हाय" म्हणायचं. रँचवर गाडी थांबली आणि घोड्यांचा वास आला, तेव्हा ते दार उघडून आमच्या सगळ्यांच्या आधी खाली उतरले. दोन पावलं गेले. मग त्यांना काहीतरी आठवलं असावं. थांबले, आणि परत येऊन सामान काढायला लागले.

घोड्यांचं सगळं मार्नी नावाची बाई बघायची. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, हात सुतारासारखे. पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी येऊन तिने सांगितलं, की तिचा आजोबा, बाप, सगळे घोड्यांतच होते, आणि ती दहा वर्षांची असल्यापासून तबेल्यात काम करते. ती गेल्यावर गद्रे कितीतरी वेळ तिच्याबद्दलच बोलत होते.

"काय बाई आहे! तीन पिढ्या एकच काम, आणि बोलण्यात अभिमान केवढा. आपल्याकडे नाही हो असं. आपल्याकडे हाताने काम करणाऱ्याला कोण विचारतो? काय धोंडोपंत?"

"व्हय," आबा म्हणाले आणि भाकरी मोडावी तसा हाताने पाव मोडला.

आता पुन्हा त्या सकाळी येतो. नाश्ता झाला. मृदुला आणि सासूबाई गरम पाण्याच्या कुंडावर जाणार होत्या. गद्रे आणि मी मार्नीबरोबर घोड्यावरून वर कुरणापर्यंत जाणार होतो. वर झऱ्याकाठी आमच्यासाठी जेवणाची व्यवस्था होती. आबांनी "मला नको" असं आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

आम्ही तबेल्यापाशी गेलो तेव्हा चार घोडे आडव्या दांडीला बांधलेले होते. गद्र्यांसाठी मार्नीने सगळ्यांत गरीब स्वभावाची घोडी निवडली होती. तिचं नाव जुनिपर. तीच ती, मातकट रंगाची. पुढच्या पायाने ती जमीन उकरत होती. "तिला निघायची घाई झालीय," मार्नी हसून म्हणाली आणि जीन आणायला वळली.

आबा घोडीजवळ गेले. त्यांनी तिच्या कानाच्या मुळाशी हात लावला, ओठ वर करून हिरडी पाहिली. मग वाकून पोटाला कान लावला. डाव्या कुशीला, मग पलीकडे जाऊन उजव्या. मी इकडेतिकडे बघत होतो. गद्रे दहा हातांवर टोपी नीट करत उभे होते.

आबा माझ्याजवळ आले. हलक्या आवाजात, पण घाईने बोलले.

"रघू, हिच्या पोटात कळ हाय. आतडी बोलत नाय अजिबात, एका बाजूला तर पार गप्प. पीळ पडत असंल. बाईला सांग, जीन चढवू नको. नुसती चालव, दाना बंद कर, आन आत्ता डॉक्टरला बोलव. आत्ताच्या आत्ता."

"आबा, त्यांना त्यांचं कळतं. तीन पिढ्या करतायत."

"तिचं लक्ष नाय. सकाळी गवत टाकलं दुसऱ्याच मानसानं. तू सांग तर."

"मी काय सांगू? तुम्हाला कसं कळलं म्हणून विचारतील."

हे बोललो आणि आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते स्वतःच मार्नीच्या दिशेने दोन पावलं गेले. ती खांद्यावर जीन घेऊन येतच होती.

"मॅडम," आबा म्हणाले, "धिस हॉर्स..."

गद्र्यांनी वळून पाहिलं. मार्नी थांबली, आबांकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. "काय म्हणतायत ते?"

मी हसलो. तो हसरा चेहरा कसा केला ते मला अजून आठवतं. गाल आखडल्यासारखे झाले होते.

"घोडी छान आहे म्हणतायत," मी इंग्रजीत म्हणालो.

"आहेच ती छान," मार्नी म्हणाली. "तुमच्या वडिलांना घोड्यांतलं कळतं का? हात लावत होते ते सरावाचे वाटले."

"नाही नाही. त्यांचं हॉटेल होतं. आवड आहे फक्त."

आबांना इंग्रजी कळत होतं. मी बोललेला प्रत्येक शब्द त्यांना कळला होता. ते तसेच उभे होते, अर्धवट उचललेला हात तसाच. आणखी एकदा तोंड उघडलं असतं, तर मी आत्ताच जे बोललो ते खोटं ठरलं असतं, मार्नीसमोर आणि गद्र्यांसमोर. त्यांनी हात खाली घेतला. मार्नीने जीन चढवली आणि पोटाखालचा पट्टा, तंग, आवळला. तंग आवळताना घोडीने कान मागे टाकले.

आबा गद्र्यांकडे गेले. "गद्रेसाहेब, तुमी आज नका बसू. माझं ऐका."

"का हो? पडेन म्हणता?" गद्रे हसले. "अहो, एवढी गरीब घोडी आहे. आणि पुन्हा कधी बसणार मी सत्तरीत?"

आबांनी पुन्हा घोडीकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "मी पन येतो."

चौथा घोडा त्यांच्यासाठी नव्हता, जेवणाचं सामान न्यायचा होता. ते सामान मार्नीने मागून गाडीने पाठवायला सांगितलं. तिने आबांसाठी लाकडी पायरी आणून ठेवली. आबा त्या पायरीवर चढले, जिनाला दोन्ही हातांनी धरलं, आणि पहिल्यांदाच बसणारा माणूस बसतो तसे अवघडून बसले. मार्नीने त्यांना लगाम कसा धरायचा ते शिकवलं. त्यांनी मान डोलावून ते शिकून घेतलं.

वाट पाइनच्या झाडीतून वर जात होती. पुढे मार्नी, तिच्यामागे गद्रे, मग आबा, शेवटी मी. ऊन कोवळं होतं. झाडांतून नदीचं पाणी चमकत होतं. गद्रे मागे वळून मला काय काय दाखवत होते. मला फक्त आबांची पाठ दिसत होती. बसताना त्यांनी सोंग आणलं होतं, पण चढावर घोडा जसा हलत होता तशीच त्यांची पाठ हलत होती, आणि मान सतत पुढे, जुनिपरच्या कुशीकडे.

दीड-दोन तास गेले असतील. झाडी संपून उघडं कुरण लागलं तिथे जुनिपर थांबली. गद्र्यांनी टाच मारली. ती हलली नाही. तिच्या मानेवर, कुशीवर घामाचे काळे पट्टे आले होते. तिने मान वळवून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि मागचा पाय पोटावर आपटला.

मला काही समजेपर्यंत आबा खाली उतरले होते. पायरी नाही, आधार नाही, सत्तराव्या वर्षी उडी मारून. त्यांनी गद्र्यांच्या कमरेला हात घालून त्यांना खाली घेतलं, लहान पोराला उतरवावं तसं. दुसऱ्या हाताने तंग सोडला. जीन गवतावर पडली. "मॅडम! डॉक्टर! कॉल डॉक्टर!" ते ओरडले. मार्नी धावत आली. तिने घोडीची हिरडी पाहिली आणि तिचा चेहराच बदलला. तिने वायरलेसवर खाली निरोप दिला.

त्यानंतरचा एक तास आबा आणि मार्नी त्या घोडीला चालवत होते. दोघं काही फार बोलले नाहीत. ती लगाम धरून पुढे, आबा कुशीला हाताने रेटत बाजूने. घोडी बसायला बघायची, आबा तिला उभी करायचे. तोंडाने सारखं काहीतरी बोलत होते, मराठीत. "चल गं बाय. बसायचं नाय. चल, थोडं चल." माझ्या लहानपणी मी तो आवाज रोज ऐकला होता. गद्रे एका दगडावर बसून हे सगळं बघत होते. मला त्यांच्या शेजारी जाऊन बसायची हिंमत झाली नाही. मी बाकीच्या तीन घोड्यांचे लगाम धरून उभा राहिलो.

शेवटी ती बसलीच. लोळायला लागली. मार्नी आणि आबांनी जोर लावला, मीही गेलो, पण तिला उठवता आलं नाही. खालून गाडीने डॉक्टर आला तेव्हा दुपार झाली होती. त्याने तपासलं, मार्नीला बाजूला नेलं. आतड्याला पूर्ण पीळ बसला होता, रक्त थांबून बराच वेळ झाला होता. इथून शस्त्रक्रियेपर्यंत ती पोचणं शक्य नव्हतं. सकाळी कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती, असं तो म्हणाला. मार्नीने मान हलवली. आबांनी घोडीचं डोकं मांडीवर घेतलं आणि डॉक्टरने इंजेक्शन दिलं.

सगळं संपल्यावर मार्नी किती तरी वेळ पाठमोरी उभी होती. मग ती आबांसमोर येऊन गुडघ्यांवर बसली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज शांत होता.

"तुम्हाला सकाळीच कळलं होतं," ती म्हणाली. "दांडीपाशी तुम्ही मला काहीतरी सांगायला आला होतात. तुम्ही काय म्हणाला होतात?"

तिने हे आबांना विचारलं. पण बोलताना एकदा माझ्याकडेही पाहिलं.

आता बोलायचं होतं ते मी. एकच वाक्य होतं. "त्यांनी मला सांगितलं होतं, मीच तुम्हाला सांगितलं नाही." माझ्या तोंडात ते वाक्य इंग्रजीतही तयार होतं, मराठीतही. गद्रे माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"येस मॅडम," ते म्हणाले. "आय सी. आय नो टेल. माय मिस्टेक."

मार्नी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडला. त्यानंतर ती आमच्याशी काही बोलली नाही.

उतरताना गद्र्यांनी आबांना विचारलं, "धोंडोपंत, घोड्यांतलं तुम्हाला एवढं कसं कळतं?"

"हॉटेलात होते दोन-चार," आबा म्हणाले. "पाव्हन्यांसाठी."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुढच्या लॉजकडे निघालो. ठरल्याप्रमाणे. काचेचं छत असलेल्या खोल्या होत्या तिथे, चार महिने आधी आरक्षण करून मिळालेल्या. मैलभर गेल्यावर गद्रे खाकरले. ते वाईट माणूस नव्हते. घोडीचं त्यांना खरंच लागलं होतं, आदल्या दिवशी ते जेवलेही नव्हते.

"राग मानू नका धोंडोपंत," ते म्हणाले, "पण तुमच्या लक्षात आलं होतं तर बोलायला हवं होतं हो. भाषेचा संकोच वाटला असेल, मला कळतं. पण मुकं जनावर होतं. तुम्ही मला नुसतं 'बसू नका' म्हणालात. कारण सांगितलं असतंत तर मीच तिला बोललो असतो."

"चुकलं माझं," आबा म्हणाले.

मी गाडी चालवत होतो. समोर सरळ, रिकामा रस्ता होता. आरशात बघायचं मी टाळलं. मृदुला माझ्याकडे बघत होती. मला वाटतं ती पाच मिनिटं तरी तशीच बघत होती, मी बोलायची वाट पाहत.

लॉजवर पोचल्यावर खोलीचं दार लावून तिने विचारलं, "आबा गप्प बसणारा माणूस नाही. जनावर दुखत असताना तर नाहीच. तू काय केलंस?"

मी सांगितलं. ती पलंगाच्या कडेला बसली.

"आत्ता जा," ती म्हणाली. "बाबांच्या खोलीत जा आणि सगळं सांग. हॉटेलपासून."

"सहल संपू दे. घरी पोचल्यावर सांगतो."

"रघू, आत्ता."

"दोन दिवस राहिलेत, मृदुला. त्यांचा वाढदिवस आहे."

ती उठून बाहेर गेली. ते दोन दिवस तिने आबांना एकटं सोडलं नाही. त्यांच्या शेजारी जेवायला बसायची, त्यांच्याबरोबर तळ्यापर्यंत चालत जायची. माझ्याशी लागेल तेवढंच बोलायची. घरी पोचलो. गद्रे पुण्याला गेले. आबा त्यांच्या तिकिटाच्या तारखेला, तीन आठवड्यांनी गेले. विमानतळावर मी त्यांच्या पाया पडलो. म्हणालो, "आबा, त्या दिवशी..."

"गरम कपडे घालत जा," ते म्हणाले. "इकडची थंडी वाईट."

मी त्यांची बॅग उचलून रांगेपर्यंत नेऊन दिली.

गद्र्यांना मी दोन वर्षांनी सांगितलं, फोनवर. त्यांनी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मी त्या माणसाला काय काय बोललो गाडीत." त्यांनी आबांना पत्र लिहिलं. आबांनी उत्तर दिलं नाही. पत्र नीट जपून ठेवलं होतं, हे नंतर कळलं.

माझी बहीण कमल नेरळला राहते. तिच्याकडूनच मला एक एक कळत गेलं. आबा परत आल्यावर माथेरानला जायचे बंद झाले. आधी ते दर आठवड्याला वर जायचे, कुणाचा घोडा लंगडतोय, कुणाच्या घोडीला शिंगरू व्हायचंय, बघून यायचे. आता वरून माणूस बोलवायला आला की "मला काय कळत नाय आता" म्हणून दार लोटून घ्यायचे. कमल म्हणाली, "वय झालंय." मी म्हणालो, "हो, वय झालं." चार वर्षांनी जानेवारीत ते गेले.

दहाव्याला माथेरानहून दहा-बाराजण खाली आले होते. सगळे घोडेवाले. अंगणात घोंगडीवर बसले. त्यांच्यातला यासीन पटेल आबांच्या हाताखाली तयार झालेला, आता स्वतःच साठीला आलेला. चहा झाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग यासीन मला म्हणाला, "रघुनाथ, एक विचारू? पोट धरलेला घोडा आबांनी कधी घालवला नव्हता. आमच्या वडिलांपासून ऐकतोय. अमेरिकेहून आले आन बोलवलं तरी येईनात. माझी बिजली गेली, आबा इथं खाली नेरळात असून गेली. मी रागावून खाली आलो. तर म्हणाले, 'यासीन, तिकडं माझ्या हातून एक घोडी गेली. आता मला बोलवू नका.' तिकडं काय झालं होतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मृदुला दारात येऊन उभी राहिली होती.

मी सांगितलं. सकाळी आबा कुंपणापाशी उभे होते तिथपासून. मार्नीने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, आबा काय बोलले, मी कुठे कुठे गप्प बसलो. हॉटेलचंही सांगितलं. माणसं ते ऐकताना एकमेकांकडे बघत नव्हती. कमल आत निघून गेली.

माझं बोलून झाल्यावर यासीनने विचारलं, "तुम्ही ते 'छान आहे' म्हणालात, तिथपासून घोडी बसेपर्यंत किती वेळ गेला?"

"तीन तास. थोडे कमी."

"चालत होती तवर?"

"चालत होती."

त्याने जमिनीकडे बघत मनाशी काहीतरी हिशेब केल्यासारखं केलं.

"तीन तास," तो म्हणाला. "तेवढ्यात आबांनी वाचवली असती तिला."

मला वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल की जाऊ दे, झालं ते झालं, मरण कुणाच्या हातात नसतं. आमच्याकडे दहाव्याला असंच बोलतात. कुणी बोललं नाही. थोड्या वेळाने यासीन उठला. बाकीचेही उठले. त्याने दारापाशी जाऊन कमलला हाक मारली, "ताई, येतो," म्हणाला, मृदुलाला हात जोडले, आणि पायात चपला सरकवून माझ्याजवळून निघून गेला.